नव्वद नंबरचा वास

माह्या बायकोले माह्यातलं सगळं ठाऊक आहे. कोणत्या गिऱ्हाइकाले पाहून मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरतो, शुगर असून चहात साखर कवा टाकतो, झोपेत काय बरळतो — सगळं. पण एक गोष्ट तिलेही ठाऊक नाई. कोणालेच नाई. आजवर माह्या तोंडून ते निघालं नाई, आन् आता निघून राह्यलं त कुठून सुरू करू तेच समजत नाई. तुमी ना माह्या गावचे, ना माह्या धंद्यातले. म्हणूनच जमन कदाचित. मधात अडकलो त अडकलो.

मी देवीदास. कामरगावात मेन रोडले माहं गॅरेज आहे — टिनाचं शेड, गाडीखाली उतरायचा एक खड्डा, आन् मांगं घर. गावातले लोक देवा मिस्त्री म्हणतात. लांबचे, म्हणजे मानोरा, मंगरूळपीर, पार वाशिमचे, ते 'नाकवाला मिस्त्री' म्हणतात. जुन्या मोटारींचा मिस्त्री मी. ज्यायचं इंजिन समोर आन् ताकद मांगच्या चाकाले, त्या गाड्यांचा. आता नव्या गाड्यांत तो कारभारच राह्यला नाई. पण आमच्या भागात अजूनही कोणाच्या ना कोणाच्या शेडात एखादी जुनी मोटार असतेच, आन् मालकाचा जीव तिच्यात असते. विक म्हटलं त भांडते.

त्या गाडीच्या मांगच्या दोन चाकांच्या मधात एक लोखंडी गोळा असते. आमी त्याले हौसिंग म्हणतो, पुस्तकात डिफरन्शियल. तुमी कधी उघडलेला पाह्यला काय? पाह्यला नसन त काय सांगू बाप्पा! गाडी वळते, तवा आतलं चाक थोडं चालते, बाहेरचं जास्त. आता ताकद एकाच दांड्यातून येऊन राह्यली, आन् एक चाक हळू फिरवायचं, एक जोरात — कसं करसान? तो गोळा करते. त्याले ना डोळे, ना वायर, ना कॉम्प्युटर. चार चिमुकले गिअर एकमेकांत तोंड घालून बसले असतात, आन् रस्त्यानं वळण मागतलं का ज्याचं त्याले बरोबर वाटून देतात. पस्तीस वर्षं झाली मले या धंद्यात. आजही झाकण काढलं का मी दोन मिनिटं नुसता पाहत राहतो. बायको म्हणते, "देवळात त कधी असे उभे नाई राह्यले तुमी." खरं आहे तिचं.

आन् हे सगळं चालते कशावर? दीड-एक लिटर ऑइलवर! आत एक लहान गिअर मोठ्या गिअरले फिरवते, पण दात दातावर नुसता फिरत नाई, घासत जाते. सगळ्या गाडीचं वजन, माणसायचं, पोत्यायचं, त्या घासण्यावर. साधं ऑइल तिथं चिरडून बाजूले होते. म्हणून हौसिंगच्या ऑइलमधी गंधकाचं औषध असते. ते लोखंडावर असा पापुद्रा धरते का डोळ्याले दिसत नाई, बोटाले लागत नाई — आन् सात-सात माणसं त्याच्या भरवशावर पाहुणपणाले जातात. नवल नाई काय हे? मले त अजूनही अंगावर काटा येते.

पण तेच औषध जुन्या गिअरबॉक्सले विष. तिथं आत पितळेच्या रिंगा असतात, त्या ते खाऊन टाकते. म्हणजे गाडी एक आन् ऑइलं दोन. त्यातही मजा पाहा — दोन्ही जाडपणाले नव्वद नंबर! दोन्हीचा रंग मधाचा. सीलबंद डब्ब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असते, गिअरबॉक्सले जीएल चार, हौसिंगले जीएल पाच, पण आमच्याकडे डब्बा घेते कोण? कॅन घेऊन जा, पिपातून सुटं भरून आणा, हेच चालत आलं. मंग कोणतं ऑइल कोणाचं, हे ओळखायचं कसं?

वासानं.

हे मले हाजीसाहेबायनं शिकवलं. बस स्टँडजवळ त्यायचं ऑइलचं दुकान होतं. गॅरेज टाकलं तवा मी नवा होतो, गिअरबॉक्सचं ऑइल हौसिंगमधी टाकून बसलो होतो, आन् हौसिंगसाठी आणखी तेच मागायले गेलो तवा हाजीसाहेबायनं माह्या कपड्याच्या वासावरून ते ओळखलं. खोटं नाई सांगत! मले जवळ बोलावलं, हाताच्या मांगच्या बाजूले एक थेंब ठेवला, म्हणाले, "पहले रगड़ के गरम कर, फिर आँख बंद कर, फिर सूँघ." रोज दुपारी मी जात गेलो. हौसिंगचं ऑइल म्हणजे फुटलेल्या फटाक्याचा वास, आन् त्याच्या मांगं सडका लसूण. गिअरबॉक्सचं म्हणजे लसूण आहे, फटाका नाई. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं म्हणजे नुसतं मेण. महिन्याभरात मी ओळखायले लागलो. वर्षभरात मी काढलेल्या जुन्या ऑइलचा वास घेऊन सांगत होतो का ही गाडी पुरात उभी होती, हिचा सील गेला, हिच्यात कोणी इंजिन ऑइल टाकलं. हाजीसाहेब हसून पाहत. एकदा आपल्या पोराच्या तोंडावर म्हणाले, "शब्बीर को अल्लाह ने नाक नहीं दी. तेरे को दी. सँभाल के रख."

शब्बीरभाई तिथंच होते, पिपाचा पंप मारत. वाईट वाटायले पाह्यजे होतं का नाई माणसाले? बाप परक्याचं कौतुक करते. पण ते उलटे मलेच म्हणाले, "देवा, मी त पैदा झालो तवापासून पिपाजवळ झोपलो, माहं नाक कवाचंच बसलं. आता तूच आमच्या दुकानाचं नाक." असा माणूस.

दुकानाची एक रीत होती. कॅनी सगळ्या एकसारख्या पांढऱ्या, म्हणून भरल्यावर मुठीले सुतळी बांधत — हौसिंगची लाल, गिअरबॉक्सची पिवळी, ट्रॅक्टरची हिरवी. गिऱ्हाइकाची गफलत नको. पण कॅन माह्या गॅरेजले जाणार असली का सुतळी नाई. हाजीसाहेबायनंच बंद केली होती ते, आन् ते गेल्यावर शब्बीरभाईनं तसंच चालवलं. "देवाकडे चालले? मंग दोरा कायले?" सगळ्या तालुक्यात मीच एकटा बिनदोऱ्याचा. किती मिरवलो मी त्याच्यावर, काय सांगू.

मंग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत मले गाठलं. तापात पडून होतो, जगलो. आमच्या गल्लीतले दोघं नाई जगले, त्यामुळे तक्रार करायले तोंड नाई. उठून बसायले लागलो, आन् एका सकाळी बायको आंगणातून धावत आत आली. फोडणी जळून कोळसा झाली होती. मी गॅसपासून चार हातावर बसलो होतो. "काहो, वास नाई आला तुमाले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पेपर वाचून राह्यलो होतो ना."

हे पहिलं खोटं. किती लहान होतं पाहा.

गॅरेजात गेलो, हौसिंगच्या ऑइलची कॅन उघडली, तोंड घालून श्वास घेतला. काईच नाई. पुन्हा घेतला. काईच नाई राजेहो, पाणी हुंगल्यासारखं. मी खड्ड्यात उतरून बसलो आन् रडलो. डॉक्टर म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत येते वास परत. सगळ्यायचा आला. बायकोचा त माह्याआधीच गेला होता, आन् परतही आला होता. माहा आला असं मी सांगतलं. नाई आला. आजही नाई.

आता तुमी म्हणसान, त्यात लपवायसारखं काय? दुखणंच ते. कोणी हसलं असतं काय? नाई. शब्बीरभाईनं त डोक्यावरून हात फिरवला असता. पण तुमाले त्या नाकाचं काय होतं ते माहीत नाई. गिऱ्हाईक मंगरूळपीरवरून यायचं, समोर उभं राह्यचं, मी तळहातावर ऑइल घ्यायचो, डोळे मिटायचो, आन् सगळं गॅरेज चिडीचूप व्हायचं. शिकलेली माणसं चप्पल न वाजवता उभी राहत. दुसरं काय होतं माह्याजवळ? शिक्षण दहावी नापास. शेती नाई. रूप त पाहूनच राह्यले तुमी. म्हणून मी चालू ठेवलं. रंग डोळ्यानं पाह्यचा, जाडपणा दोन बोटांत घासून पाह्यचा, आन् मंग — हेच सांगायची लाज वाटते — मंग तळहात नाकाजवळ नेऊन लांब श्वास घ्यायचा. मी मान हलवली का गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं! आन् आत काईच नाई. हवा.

'भाई, माह्या कॅनीले दोरा बांधत जा.' एवढंच बोलायचं होतं. दोन वर्षं नाई बोललो.

मंग चैतात इंझोरीचे किसनराव आले. त्यायच्या वडलांची पांढरी मोटार कित्येक वर्षं शेडात उभी होती. किसनरावायनं ते बाहेर काढली, कारण आईले पोहरादेवीच्या दर्शनाले न्यायचं होतं. म्हातारीचा हट्ट — जाईन त मालकाच्याच गाडीत, म्हणजे नवऱ्याच्या. हौसिंग उघडलं त आतलं ऑइल पाणी जाऊन पांढरं झालेलं, ताकासारखं. दात मात्र शाबूत. मी म्हटलं, "ऑइल बदला, गाडी तुमच्या नातवालेही पुरन." ते स्वतः शब्बीरभाईकडे जाऊन कॅन भरून घेऊन आले. कुठं चालले विचारलं असन, यायनं माहं नाव सांगतलं असन. दोरा नाई.

त्याच दुपारी गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आपली हायड्रोलिकची कॅन आणून ठेवली होती, ट्रॅक्टर सवडीनं आणणार होता. त्याच दुकानातली. तीही माह्याकडेच चालली होती, म्हणून तिलेही दोरा नाई. दोन्ही कॅनी खड्ड्याजवळ, उन्हात, एकाले एक लागून.

मी एक उचलली. तळहातावर घेतलं त पातळ लागलं मले. लागलं होतं! बोटांनी सांगतलं होतं बरोबर. पण मी मनात म्हटलं, उन्हात पडून पातळ झालं असन. किसनराव समोर उभे, हात बांधून. मी डोळे मिटले. श्वास घेतला. म्हटलं, "अस्सल आहे." आन् भोकातून ओघळ येईपर्यंत भरलं, जसं भरायचं असते तसं, एक थेंब कमी नाई.

आठ-दहा दिवसांनी त्यायचा फोन. "मिस्त्री, मांगून घुंऽऽ असा आवाज येऊन राह्यला. पोहरादेवीले जाऊ का नोको?"

तो आवाज म्हणजे काय हे मले कळत नव्हतं काय? दात खाल्ले जात असले का हौसिंग घुमते. हे नवा मिस्त्रीही सांगन. 'गाडी घेऊन या' म्हणायचं होतं. पण गाडी आली असती त झाकण उघडावं लागलं असतं, झाकण उघडलं त किसनरावायसमोर पुन्हा वास घ्यावा लागला असता, आन् या वेळी काय सांगावं ते मले ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नवं ऑइल आहे, बसू द्या. बिनधास्त जाऊन या."

गेले. सात माणसं, डब्बे, नारळं, म्हातारी समोरच्या सीटवर. पोहरादेवीच्या अलीकडे एका वळणावर गोळा जाम झाला. मांगची दोन्ही चाकं चालत्या गाडीत बंद झाली, गाडी घसरत बांध-धुरा ओलांडून वावरात गेली. वावर रिकामं होतं, समोर झाड नव्हतं, म्हणून सगळे जगले. म्हातारीचा हात मोडला, खुब्याले मार बसला. पोहरादेवी तिले दिसली नाई. अजूनही नाई दिसली, ते आता वॉकर धरून आंगणापर्यंत येते.

गाडी ओढून माह्या गॅरेजात आणली. सोबत पंधरा-वीस माणसं. मी झाकण काढलं. आत — मी ज्याच्याकडे पाहत उभा राहत असतो त्या गोळ्यात — दात निळे पडले होते, जळून, काही तुटून तळाले पडले होते. कोणीतरी विचारलं, "कशानं झालं मिस्त्री?" दुसऱ्यानं विचारलं, "ऑइल कुठचं होतं?" किसनराव म्हणाले, "शब्बीरच्या दुकानातलं." आन् मंग सगळे माह्याकडे पाहायले लागले. माह्याकडे म्हणजे माह्या नाकाकडे.

मी काळं ऑइल तळहातावर घेतलं. डोळे मिटले. श्वास घेतला. म्हटलं, "याच्यात वासच नाई. गंधकच नाई याच्यात. भेसळ आहे."

देवाशपथ सांगतो, तोवर मले कॅनीची अदलाबदल ठाऊक नव्हती. काहीतरी बोलणं भाग होतं म्हणून बोललो. आन् पाहा कसं आहे — जे बोललो त्यातलं अर्धं खरं निघालं! हौसिंगले लागते तितकं गंधक त्या ऑइलमधी नव्हतंच. मी आंधळ्यावाणी फेकलेला दगड बरोबर लागला, फक्त भलत्याच माणसाले.

तिथं जमलेले लोक आधी ऑइलबद्दल बोलत होते. मंग दुकानाबद्दल. चहा येईपर्यंत ऑइल राह्यलं बाजूले, दुकानही राह्यलं बाजूले, आन् "हे लोक असेच" सुरू झालं. ज्यायनं तीस वर्षं शब्बीरभाईच्या बाकड्यावर बसून फुकट चहा पेला तेही बोलत होते. मी ऐकलं. मी नळावर हात धूत होतो. साबण संपला तरी धूत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवाला आला. "मिस्त्री, माही कॅन द्या." मी उचलली, वाकडी केली, आन् आतलं ऑइल जड चालीनं एका बाजूले सरकलं. सकाळच्या गारव्यात हायड्रोलिकचं ऑइल असं नाई सरकत. त्याले थांब म्हटलं, कॅन घरात नेली, झाकण उघडून बायकोच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "हुंगून पाह्य."

"शी! ना-ही!" ते दोन पावलं मांगं सरली. "फटाका फुटल्यासारखा घाण वास मारून राह्यला, सडक्या लसणाचा. घरात कायले आणलं ते?"

म्हणजे किसनरावायची कॅन हेच, आन् ट्रॅक्टरची त्यायच्या हौसिंगमधी गेली होती. शब्बीरभाईचं ऑइल. अस्सल. एक थेंब खोटा नाई. ते पूर्ण भरलेली कॅन माह्या हातात होती, आन् मी तिथं ओट्याजवळ उभा, बायको खिडकी उघडून राह्यली. बाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्याले सांगतलं, "हे दुसऱ्याची निघाली, तुही सांडली गड्या, दुसरी भरून देतो."

आता ऐका. इथपर्यंत जे झालं ते चुकीनं झालं असं म्हणता येते, कोणी म्हटलं त. इथून समोरचं नाई म्हणता येत.

त्याच दुपारी शब्बीरभाई आले. एकटे. रस्ता टाळून मांगच्या बोळीतून आले, कारण रस्त्यावर लोक होते. खिशातून एक लहान बाटली काढली. पिपातलं ऑइल होतं, त्यायनं स्वतःच्या हातानं काढून आणलेलं. चेहरा पांढराफटक. मले वाटलं, आता हे भांडतील. शिव्या देतील. म्हणतील, देवा, काहून खोटं बोलला? मी त्याची वाट पाहून राह्यलो होतो खरं सांगू त. भांडले असते त कदाचित माह्या तोंडून निघालं असतं.

ते म्हणाले, "देवा, मी कसम खातो, माह्या हातानं मी काई मिसळलं नाई. पन पीप जिथून भरून आलं तिथं काय झालं ते मी काय जानो? माहं नाक त मेलं आहे. अब्बा म्हनत, तुह्या नाकावर यकीन ठेव. तू हुंग. तू चांगलं म्हनशीन त मी गावाशी भांडतो. तू खराब म्हनशीन त — मंग खराबच असन."

मी ते बाटली हातात घेतली. माणूस असा असू शकते? ज्याच्यावर सगळ्या गावात बोट मीच उचललं, तो माह्याच दारात येऊन म्हणते का तू सांगशीन ते खरं. मी पस्तीस वर्षं त्या गोळ्यापुढं नवलानं उभा राहत आलो, पण त्या दुपारी शब्बीरभाईपुढं जसा उभा होतो तसा कशापुढंच नाई. माह्या मांगं, चार पावलांवर, जुन्या टायरायखाली मी सकाळीच दडवलेली त्यायचीच भरलेली कॅन होती. ओढून समोर ठेवायची होती फक्त. 'भाई, माहं नाक मेलं, आन् चूक माही आहे.' गावातलं कोणी नव्हतं तिथं. आमी दोघंच.

मी एक थेंब तळहातावर घेतला. रगडला. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"खराब आहे भाई," मी म्हटलं.

त्यायनं डोळे खाली घातले. म्हणाले, "या अल्लाह. किती गाड्यांत गेलं असन." स्वतःच्या नुकसानाबद्दल एक शब्द नाई. त्यायले काळजी त्या गाड्यांची, त्यात बसणाऱ्या माणसायची.

दुसऱ्या दिवशी त्यायनं ते भरलेलं पीप दुकानातून बाहेर काढलं आन् वीटभट्टीवर जाळायले देऊन टाकलं. लोक पाहत होते. पीप गाडीत चढत नव्हतं, जड होतं. मी गेलो आन् हात लावला. शब्बीरभाई म्हणाले, "देवा, तू होता म्हनून." मी खांदा देऊन ते पीप वर ढकललं. चांगलं ऑइल. त्यायच्या बापानं ज्याच्यावर मले वास घ्यायले शिकवलं तेच ऑइल.

आन् टायरायखालची कॅन? ते मी फेकली नाई. थोडं थोडं करून गाड्यांत टाकलं. त्या गाड्या आजही चालून राह्यल्या, एकाचंही हौसिंग घुमत नाई. किसनरावाले दुसरा गोळा मी फुकट बसवून देला, आन् लोक म्हणाले, मिस्त्री असावा त असा. म्हातारीले पाह्यले मी गेलो नाई. त्या बाजूची गाडी आली त माणसाले इथंच बोलावतो.

शब्बीरभाईच्या दुकानात सुटं ऑइल पुन्हा आलं नाई. आता तिथं बादल्या, ताडपत्र्या, फवारणीच्या पंपाचे वॉशर असतात. त्याले गिऱ्हाईक फारसं नाई. पोरगा पुण्याले गेला, दुसऱ्याच्या दुकानात उभा राहते. हाजीसाहेबायनं उभं केलेलं नाव होतं ते, तालुक्यात कोणालेही विचारा, ऑइल म्हणजे हाजी. आता कोणी विचारत नाई. विचारलं त खालच्या आवाजात सांगतात, तिथून नोको घेऊ बावा.

दुकानात काम नाई म्हणून शब्बीरभाई सकाळी माह्या गॅरेजवर येऊन बसतात. माह्याच खुर्चीवर. बायको त्यायले चहा देते, ते तिच्या गुडघ्याचं विचारतात. कोणी नवीन गिऱ्हाईक आलं, जुनी मोटार घेऊन, आन् बिचकलं, का कोणतं ऑइल टाकावं, चार का पाच, नव्वद का एकशेचाळीस, त माह्याआधी तेच बोलतात.

काल मानोऱ्याचा एक मास्तर आला होता. शब्बीरभाईनं त्याले स्वतःच्या बाजूले बसवलं. म्हणाले, "गुरुजी, डोळे झाकून याच्या हातात गाडी द्या. माह्या दुकानात खराब ऑइल आलं होतं, मलेच ठाऊक नव्हतं. यानं नुसत्या वासावर धरलं. हा नसता त माह्या हातून कोनाचा जीव गेला असता. या मानसानं मले गुनाहातून वाचवलं."

मास्तरनं माह्याकडे पाह्यलं. मी मान हलवली.